गिरगावातून घाटमाथ्यावर : जी. आय. पी. ते मध्य रेल्वे

मध्य रेल्वेची स्थापना ५ नोव्हेंबर १९५१ रोजी झाली. अमृतमहोत्सवाचा हिशेब त्या तारखेपासूनच करायचा, हे ठीकच आहे. पण संस्थेचे वय तेवढेच मानले, तर तिच्या आयुष्यातली पहिली शंभर वर्षे हिशेबाबाहेर राहतात. १९५१ मध्ये निजाम स्टेट, शिंदे स्टेट आणि धोलपूर या संस्थानी रेल्वे जिच्याशी एकत्र झाल्या, ती ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे, म्हणजे आपली जी. आय. पी., तेव्हाच शतायुषी होती. तिचा जन्म लंडनच्या कागदांवर झाला हे खरे. परंतु त्या कागदांना अर्थ आला तो मुंबईतल्या काही माणसांनी आपले नाव, पैसा आणि शब्द त्यांच्यामागे उभा केला म्हणून. त्यांच्यात पहिले नाव घ्यायचे ते जगन्नाथ शंकरशेट, म्हणजे नाना, यांचे. या लेखात संस्थेचा इतिहास सांगताना नानांचे चरित्र वारंवार डोकावेल. तसे होणे योग्यच आहे, कारण संस्थेची पहिली वीस वर्षे आणि नानांच्या आयुष्याची अखेरची वीस वर्षे एकमेकांत गुंतलेली आहेत.

१८४१ ते १८५० : मागणी मुंबईची

जगन्नाथ शंकरशेट मुरकुटे यांचा जन्म १० फेब्रुवारी १८०३ चा. घराणे दैवज्ञ ब्राह्मणांचे, व्यापारात मुरलेले. १८२२ मध्ये वडील गेले आणि विशीच्या आतच सारा कारभार नानांच्या अंगावर आला. त्यांनी पेढी नुसती टिकवली नाही, तिचा लौकिक वाढवला. अरब आणि अफगाण व्यापारी आपला पैसा बँकेत ठेवण्यापेक्षा नानांच्या हवाली करणे पसंत करीत. रेल्वेच्या इतिहासात ही गोष्ट मला फार मोलाची वाटते. पुढे ज्या उद्योगाला सरकार, परदेशी भागधारक आणि बिचकलेली रयत या तिघांचाही विश्वास मिळवायचा होता, त्याला नानांची हीच पत उपयोगी पडली.

तोवर नानांचे नाव मुंबईच्या बहुतेक प्रत्येक सार्वजनिक कामाशी जोडले गेले होते. १८२२ च्या शाळापुस्तक मंडळीपासून एल्फिन्स्टन कॉलेजापर्यंतच्या शिक्षणकार्यात ते होते. १८४० मध्ये स्थापन झालेल्या बोर्ड ऑफ एज्युकेशनवर होते. मुलींची शाळा काढायची ठरली तेव्हा समाजाचा रोष पत्करून त्यांनी आपल्याच वाड्यात जागा दिली. ज्याने मुलींची शाळा घरात आणली, त्याला लोखंडी रस्त्याची भीती वाटण्याचे कारण नव्हते.

रेल्वेची गरज मुंबईला कशी भासली, हे समजून घ्यायचे तर त्या काळच्या घाटवाटांकडे पाहावे लागते. वऱ्हाडचा आणि खानदेशचा कापूस बैलांच्या पाठीवर लादून, लमाणांच्या तांड्यांतून किंवा गाड्यांतून थळघाटाने खाली उतरायचा. वाटेत धूळ, चोरी, जनावरांचे हाल. पावसाळा आधी लागला की गासड्या भिजून माल खराब व्हायचा. बोरघाटात सर जॉन माल्कम यांच्या कारकिर्दीत, १८३० मध्ये, गाडीरस्ता झाला होता आणि त्याचे मोठे कौतुकही झाले होते. पण बैलाच्या पावलाची गती काही बदलली नव्हती. बंदर उत्तम, व्यापारी हुशार, जहाजे तयार, आणि माल मात्र सह्याद्रीच्या पलीकडे अडकलेला, अशी मुंबईची अवस्था होती.

१८४३ च्या सुमारास जॉर्ज क्लार्क या इंजिनिअरने मुंबईहून ठाण्यापर्यंत आणि पुढे कल्याणवरून थळ व बोर घाटांच्या दिशेने लोहमार्ग नेण्याची कल्पना मांडली. मुंबईत तिच्यावर सभा झाल्या, ‘बॉम्बे ग्रेट ईस्टर्न रेल्वे’ नावाची योजना पुढे आली. १८४५ मध्ये नाना आणि सर जमशेटजी जिजीभाई यांनी पुढाकार घेऊन इंडियन रेल्वे असोसिएशन स्थापन केली. एक गिरगावचा हिंदू शेट, दुसरा चीनच्या व्यापारात नाव कमावलेला पारशी दानशूर. लेडी जमशेटजींच्या देणगीतून माहीमचा पूल याच सुमारास उभा राहिला होता. रस्ते आणि पूल हे सरकारचे काम आहे असे म्हणून स्वस्थ बसणाऱ्यांपैकी हे लोक नव्हते.

तिकडे इंग्लंडात जॉन चॅपमन नावाचा गृहस्थ त्याच ध्यासाने झपाटला होता. लफबरो गावचा, लेस विणण्याची यंत्रे बनवणाऱ्या धंद्यातला. लंडनच्या प्रसिद्ध घोडागाडीत, हॅन्सम कॅबमध्ये, सुधारणा करणारा हाच. १८४५ मध्ये तो स्वतः मुंबईला आला, घाटांची पाहणी केली, व्यापाऱ्यांना भेटला, कापसाचे आकडे गोळा केले. मुंबईची असोसिएशन आणि लंडनची कंपनी यांचा मेळ बसला आणि नाना व जमशेटजी हे नव्या कंपनीच्या संचालकांतले भारतीय चेहरे झाले. कंपनीची पहिली कचेरी नानांच्या वाड्यात थाटली होती, असे गिरगावात पिढ्यान्‌पिढ्या सांगत आले आहेत. चॅपमनचा संबंध पुढे कंपनीशी उरला नाही. प्रत्यक्ष गाडी धावू लागली तेव्हा तो लंडनमध्येच होता आणि १८५४ मध्ये त्याचे निधन झाले. भारतातील कापूस आणि व्यापार यांवरचा त्याचा १८५१ चा ग्रंथ मात्र या रेल्वेमागचा विचार काय होता ते आजही सांगतो. आपल्या संस्थेने त्याची आठवण कृतज्ञतेनेच ठेवली पाहिजे.

१८४५ ते १८४९ हा काळ कठीण होता. इंग्लंडात रेल्वेच्या भागांचा फुगा फुटलेला, भांडवलदार धास्तावलेले. ईस्ट इंडिया कंपनी हमी द्यायला तयार नाही, आणि हमीशिवाय भाग कोणी घेत नाही. अखेर १ ऑगस्ट १८४९ रोजी पार्लमेंटच्या कायद्याने जी. आय. पी. कंपनी अस्तित्वात आली आणि १७ ऑगस्टला ईस्ट इंडिया कंपनीशी करार झाला. सुरुवातीला सुमारे ५६ किलोमीटरचाच मार्ग बांधायचा, तोही प्रयोग म्हणून. भांडवलावर पाच टक्के व्याजाची हमी. जमीन सरकारने फुकट द्यायची. या हमीचा भार हिंदुस्थानच्या तिजोरीवर पडणार होता आणि पुढे देशातल्या अर्थविचारकांनी त्यावर कठोर टीका केली. ती टीका योग्य होती. तरीही एवढे नोंदवलेच पाहिजे की त्या हमीशिवाय १८४९ मध्ये हे काम सुरू झाले नसते.

१८५१ ते १८६० : रूळ पडले

मुख्य इंजिनिअर म्हणून जेम्स जॉन बर्कली यांची नेमणूक झाली. १८५० च्या प्रारंभी ते मुंबईत आले आणि त्याच वर्षी ३१ ऑक्टोबरला शीवच्या बाजूला कामाची पहिली कुदळ पडली. मुंबईचा ठेका फॅव्हिएल आणि फाऊलर यांच्याकडे गेला. लॉर्ड डलहौसीने साडेपाच फुटांचे रुंद माप ठरवले आणि तेच माप देशाच्या मुख्य मार्गांना कायमचे चिकटले. व्हल्कन फाउंड्रीची इंजिने जहाजातून आली. १८५२ च्या फेब्रुवारीत ‘लॉर्ड फॉकलंड’ हे इंजिन भायखळ्याच्या माळावर मालगाड्या ओढू लागले, तेव्हा ते पाहायला माणसांची रीघ लागली. पुलांच्या पायात नरबळी देतात, अशा आवयाही उठल्या. भीती साहजिक होती. गाडी बैलाविना चालते, आगीवर चालते, हे डोळ्यांनी पाहिल्याशिवाय कोण मानणार? अशा वेळी ‘नानाशेट यात आहेत’ हे कानावर पडणे सामान्य मुंबईकरासाठी मोठी गोष्ट होती.

१८५२ च्या नोव्हेंबरमध्ये संचालकांनी ठाण्यापर्यंत चाचणीचा प्रवास केला. मग शनिवार १६ एप्रिल १८५३ उजाडला. त्या दिवशी मुंबईत सुटी होती. दुपारी साडेतीनच्या सुमारास बोरीबंदरहून १४ डबे आणि सुमारे ४०० पाहुणे घेऊन गाडी सुटली. ओढायला साहिब, सिंध आणि सुलतान अशी तीन इंजिने. २१ तोफांची सलामी, लष्करी बँड, रुळांच्या दोन्ही बाजूंना, गच्च्यांवर, झाडांवर माणसेच माणसे. ठाण्यात तंबू ठोकून मेजवानीची व्यवस्था केली होती. त्या गाडीत संचालक म्हणून नाना होते. दोन दिवसांनी, १८ एप्रिलला, जमशेटजींनी अख्खी गाडी राखून घेतली आणि कुटुंबीय व स्नेह्यांसह ठाण्याला जाऊन आले. या दोन दिवसांत मुंबईतल्या प्रतिष्ठितांच्या मनातला संकोच गेला, आणि त्यांच्यामागोमाग बाकीच्यांचाही.

ज्या वर्षी गाडी सुरू झाली त्याच्या आदल्याच वर्षी, २६ ऑगस्ट १८५२ ला, नानांनी बॉम्बे असोसिएशन स्थापन करण्यात पुढाकार घेतला होता. इंग्रजांच्या कंपनीत संचालक असलेला हा माणूस त्याच इंग्रजांच्या राज्यकारभाराविषयी पार्लमेंटकडे अर्ज पाठवणाऱ्या संस्थेचाही आधारस्तंभ होता. एका हाताने त्यांनी राज्यकर्त्यांशी व्यवहार केला, दुसऱ्या हाताने त्यांच्याकडे हक्क मागितले. १८५७ च्या धामधुमीत त्यांच्यावर संशयही घेतला गेला आणि तो निराधार ठरला.

रूळ पुढे सरकत होते. १ मे १८५४ ला ठाण्याची खाडी ओलांडून गाडी कल्याणला पोहोचली. १८५५ मध्ये वाशिंद, १८५६ च्या मे महिन्यात पळसदरीमार्गे खोपोली. १८५८ च्या जूनमध्ये खंडाळा ते पुणे मार्ग सुरू झाला. मधला बोरघाट अजून व्हायचा होता. खोपोलीला उतरायचे, पालखीत, घोड्यावर किंवा पायी घाट चढायचा आणि खंडाळ्याला दुसरी गाडी धरायची, असा प्रवास पाच वर्षे चालला.

ठेकेदारांच्या यादीत एक देशी नाव ठळकपणे येते : जमशेटजी दोराबजी. या पारशी गृहस्थांनी मार्गाच्या अनेक टप्प्यांचे काम घेतले आणि युरोपियन ठेकेदारांच्या तोडीने, वेळेत, पार पाडले. पुढारी पत पुरवत होते, पण हिंदी माणसाला हे काम बांधताही येते, याचा पुरावा या माणसाने दिला.

१८६१ ते १८७० : घाट

या संस्थेच्या इतिहासातले सर्वांत अवघड प्रकरण म्हणजे बोरघाट. काम जानेवारी १८५६ मध्ये सुरू झाले. पावणेसोळा मैलांत १८३१ फूट चढायचे. तीव्र ठिकाणी चढ ३७ फुटांना एक फूट. २५ बोगदे, ८ मोठे पूल. बर्कलींनी आराखडा असा केला की एका जागी गाडीने थांबायचे, उलट्या दिशेने वळायचे आणि मग पुढचा चढ घ्यायचा. घाटमाथ्याखालचे हे रिव्हर्सिंग स्टेशन त्या काळच्या अभियंत्यांच्या धैर्याची खूण होते. १९२९ मध्ये नवी वाट झाल्यावर ते निवृत्त झाले.

काळ्या फत्तरात सुरुंग लावायचे, ते सुद्धा कड्यावरून दोराने लोंबकळत. पावसाळ्यात काम बंद, ऑक्टोबरात हिवताप, मग पटकी. १८६१ च्या सुरुवातीला या घाटात ४२ हजारांवर मजूर काम करत होते. कोकणातले, देशावरचे, घाटमाथ्याच्या वाड्यांतले, कितीतरी कुटुंबासह आलेले. बायका पाट्या वाहत होत्या, मुले खडी फोडत होती. किती जण तिथेच राहिले त्यांची नावे कंपनीच्या वृत्तांतात येत नाहीत. ज्यांचे सामुदायिक ऋण या स्मरणिकेने सर्वांत आधी मान्य करावे, ते हे लोक आहेत.

ठेकेदारीतही अडचणी आल्या. १८५९ मध्ये मजुरांच्या असंतोषानंतर फॅव्हिएल यांनी ठेका सोडला. नवे ठेकेदार सॉलोमन ट्रेडवेल इंग्लंडहून आले आणि पोहोचल्यापासून काही दिवसांतच आजारी पडून वारले. त्यांची पत्नी ॲलिस परत जाऊ शकली असती. ती थांबली. नवऱ्याचा ठेका तिने आपल्या नावाने चालवला, अॅडमसन आणि क्लाऊझर या दोन इंजिनिअरांच्या हाती काम सोपवले आणि ते पूर्णत्वाला नेले. एका परक्या मुलखात, विधवा झाल्याच्या महिन्यात, सह्याद्रीचा घाट बांधण्याची जबाबदारी घेणारी ही बाई. आजही घाटातून जाताना तिचे नाव फारसे कोणाला माहीत नसते.

२१ एप्रिल १८६३ रोजी गव्हर्नर सर बार्टल फ्रिअर यांच्या हस्ते बोरघाट खुला झाला. बर्कली तो दिवस पाहायला नव्हते. आदल्या वर्षीच इंग्लंडात त्यांचे निधन झाले होते. मुंबईकर गोविंद नारायण माडगावकर यांचे ‘मुंबईचे वर्णन’ हे पुस्तक याच वर्षी प्रसिद्ध झाले. आगगाडीने बदललेल्या शहराचे चित्र मराठी वाचकाच्या हातात आले ते अशा नेमक्या वेळी.

थळघाट, म्हणजे आपला कसारा घाट, १ जानेवारी १८६५ ला सुरू झाला. ऐहेगावचा सुमारे १९० फूट उंचीचा पूल ही त्याची शान. त्याआधीच १८६१ मध्ये इगतपुरी ते नाशिक मार्ग झाला होता आणि १८६३ मध्ये रूळ भुसावळपर्यंत पोहोचले होते. अमेरिकेत यादवी युद्ध पेटले होते. लँकेशायरच्या गिरण्यांना हिंदुस्थानी कापूस हवा होता. वऱ्हाडची गासडी आता घाट उतरून थेट बंदरावर येऊ लागली. चॅपमनने जे गणित कागदावर मांडले होते, ते या वर्षांत प्रत्यक्षात उतरले.

नाना १८६२ मध्ये मुंबई कायदे कौन्सिलचे सभासद झाले. हा मान मिळवणारे ते पहिले भारतीय. युद्ध संपले, कापसाचे भाव कोसळले, १ जुलै १८६५ ला मुंबईत सट्ट्याचा डोलारा ढासळला आणि कित्येक पेढ्या बुडाल्या. त्याच महिन्याच्या शेवटच्या दिवशी, ३१ जुलै १८६५ ला, नानांचे निधन झाले. दोन्ही घाट चढून गेलेली गाडी त्यांनी पाहिली होती. वीस वर्षांपूर्वी असोसिएशन काढताना जे मनात होते ते बरेचसे पुरे झाले होते. बाकीचे नंतर झाले : १८६७ मध्ये नागपूर, मार्च १८७० मध्ये जबलपूरला ईस्ट इंडियन रेल्वेशी सांधा जुळून मुंबई ते कोलकाता सलग मार्ग, आणि १८७१ मध्ये रायचूरला मद्रास रेल्वेशी गाठ.

१८७१ ते १९०० : वास्तू आणि विस्तार

या तीस वर्षांत संस्था मोठी झाली. परळचे कारखाने उभे राहिले, भुसावळ हे रेल्वेचे गाव म्हणून वसले, घाटाच्या पायथ्याशी आणि माथ्यावर लोको शेडभोवती नव्या वस्त्या तयार झाल्या. गार्ड, ड्रायव्हर, फायरमन, पॉइंट्समन, खलाशी, गँगमन हे शब्द मराठी घरांत रुळले. वडिलांपाठोपाठ मुलगा रेल्वेत लागायचा, आणि मुलाचे लग्न ठरताना ‘रेल्वेत आहे’ एवढे सांगणे पुरत असे.

बोरीबंदरच्या साध्या स्टेशनाच्या जागी एफ. डब्ल्यू. स्टीव्हन्स यांच्या आराखड्याने १८७८ मध्ये नव्या इमारतीचे काम सुरू झाले आणि १८८८ मध्ये ते पुरे झाले. राणीच्या राज्याला पन्नास वर्षे झाली म्हणून तिला व्हिक्टोरिया टर्मिनस हे नाव मिळाले. तिच्या दर्शनी भागावर कंपनीशी संबंधित मान्यवरांची जी दगडी शिल्पे आहेत, त्यांत नाना आणि जमशेटजी दोघेही आहेत. रोज लाखो माणसे त्यांच्याखालून धावत जातात. एकदा थांबून वर पाहावे, अशी विनंती या लेखाच्या निमित्ताने करावीशी वाटते. पगडी घातलेला तो चेहरा आपल्याच शहरातल्या माणसाचा आहे.

१९०१ ते १९५० : धुरापासून विजेपर्यंत

१ जुलै १९०० ला सरकारने जी. आय. पी. विकत घेतली, व्यवस्था मात्र कंपनीकडेच ठेवली. इंडियन मिडलँड रेल्वेही हिच्यात सामील झाली. १९०७ मध्ये सर आदमजी पीरभॉय यांच्या कुटुंबाने स्वतःच्या पैशाने नेरळ ते माथेरान ही छोटी गाडी बांधली. मुंबईच्या व्यापाऱ्याने लोहमार्ग उभारण्याची नानांपासूनची परंपरा इथे पुन्हा दिसते. १९१६ मध्ये ठाण्यापुढचा पारसिकचा मोठा बोगदा झाला.

१ जुलै १९२५ पासून कारभारही सरकारच्या हाती आला. त्याच वर्षी ३ फेब्रुवारीला देशातली पहिली विजेची गाडी बोरीबंदरहून हार्बर मार्गाने कुर्ल्याला गेली. मग एकेक टप्पा वीज पुढे सरकली. कंपनीचे स्वतःचे वीजघर ठाकुर्लीला उभे राहिले. १९२९-३० पर्यंत पुणे आणि इगतपुरी दोन्ही बाजूंचे घाट विजेवर आले. घाटात मालगाड्या ओढणारी ती अवजड, वाकडे पाय असल्यासारखी इंजिने कामगारांच्या तोंडी ‘खेकडा’ म्हणूनच राहिली. १ जून १९३० ला दख्खनची राणी सुरू झाली आणि पुणेकरांनी ती आपली मानली. वर्षानुवर्षे त्याच डब्यात, त्याच जागी बसणारे तिचे प्रवासी आहेत, आणि या संस्थेच्या परिवारात त्यांचीही गणना व्हावी.

याच काळात कामगार संघटनाही आकाराला आल्या. मतभेदाचे प्रसंग आले, संप झाले, तडजोडी झाल्या. कामाचे तास, घरे, पगार यांबाबत आज जे नियम आपल्याला साधे वाटतात, ते त्या पिढीच्या आग्रहातून आले. दुसऱ्या महायुद्धात लष्करी वाहतुकीचा ताण आणि १९४७ मध्ये निर्वासितांची ने-आण, दोन्ही कामे कर्मचाऱ्यांनी निष्ठेने केली.

१९५१ ते २००० : नवे नाव

५ नोव्हेंबर १९५१ ला मध्य रेल्वे झाली. मुख्यालय बोरीबंदरलाच राहिले. १९६६ मध्ये दक्षिण मध्य रेल्वे वेगळी झाली आणि काही मार्ग तिकडे गेले. मुंबईची लोकल याच दशकांत शहराची नाडी झाली. गिरण्यांच्या पाळ्या, मग कचेऱ्या, मग कल्याण, डोंबिवली, बदलापूरकडे सरकलेली घरे, या सर्वांचे वेळापत्रक गाडीने ठरवले. पन्नास वर्षांपूर्वीची डोंबिवली आणि आजची डोंबिवली यांच्यात जे अंतर आहे, ते मध्य रेल्वेनेच पाडले आहे. १९९२ मध्ये खाडी ओलांडून गाडी वाशीला पोहोचली. नवी मुंबई खऱ्या अर्थाने राहती झाली ती त्यानंतर. १९९६ मध्ये स्टेशनाचे नाव छत्रपती शिवाजी टर्मिनस झाले. पुढे २०१७ मध्ये त्यात ‘महाराज’ जोडले गेले.

सुरेखा यादव यांचे नाव इथे घेतलेच पाहिजे. सातारा जिल्ह्यातून आलेल्या या मुलीने १९८० च्या दशकाच्या अखेरीस इंजिनात पाऊल ठेवले आणि आशियातली पहिली महिला रेल्वेचालक म्हणून त्या ओळखल्या गेल्या. ॲलिस ट्रेडवेलने बांधून घेतलेल्या घाटातून दख्खनची राणी नेणारी पहिली बाईही त्याच.

२००१ पासून

२००३ च्या पुनर्रचनेत जबलपूर आणि झाशीकडचे मार्ग नव्या विभागांकडे गेले. आता मुंबई, पुणे, सोलापूर, भुसावळ आणि नागपूर अशी पाच मंडले आहेत. म्हणजे जी. आय. पी. ने आपल्या पहिल्या पंधरा-वीस वर्षांत जो प्रदेश जोडला, जवळजवळ तोच आज पुन्हा मध्य रेल्वेचा गाभा आहे. २००४ मध्ये छत्रपती शिवाजी टर्मिनसची इमारत युनेस्कोच्या जागतिक वारशात गेली.

२६ जुलै २००५ च्या पावसात रूळ बुडाले, तेव्हा कर्मचाऱ्यांनी रात्रभर पाण्यात उभे राहून गाड्यांतली माणसे उतरवली. २६ नोव्हेंबर २००८ च्या दहशतवादी हल्ल्याच्या रात्री उद्घोषक विष्णू झेंडे यांनी आपल्या केबिनमधून प्रवाशांना बाहेर जाण्याची वाट सांगत राहून कितीतरी जीव वाचवले. २०२० च्या मार्चमध्ये साथीमुळे लोकल थांबली. मुंबईने तसे कधी पाहिले नव्हते. त्या महिन्यांत मालगाड्या मात्र चालू होत्या, आणि त्या चालवणारी माणसे कामावर होती.

जुन्या १५०० व्होल्टच्या डी. सी. विजेची जागा २५ हजार व्होल्टच्या ए. सी. विजेने घेतली. हे काम गाड्या बंद न ठेवता, रात्रीच्या ब्लॉकमध्ये, वर्षानुवर्षे चालले आणि २०१६ मध्ये हार्बर मार्गावरचा शेवटचा टप्पा पुरा झाला. २०२३ मध्ये मध्य रेल्वेचे सर्व रुंदमापी मार्ग विजेवर आले. मुंबई मंडलात आज रोज सुमारे १८०० लोकल फेऱ्या होतात. कल्याणच्या पुढे कसाऱ्याकडे तिसऱ्या मार्गिकेचे काम चालू आहे. घाटातल्या दरडींवर पावसाळ्यात आजही गँगमन रात्रंदिवस पहारा देतात. बोरघाटात कर्जतला आणि थळघाटात कसाऱ्याला चढणाऱ्या गाड्यांना मागून जोर देणारी बँकर इंजिने लावली जातात, कारण ३७ ला एक हा चढ १८६३ मध्ये होता तेवढाच आजही आहे.

नानांचे नाव शहरात अनेक ठिकाणी आहे : ग्रँट रोडजवळचा नाना चौक, गिरगावातला जगन्नाथ शंकरशेट मार्ग, संस्कृतात पहिल्या येणाऱ्या विद्यार्थ्याला मिळणारी जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्ती. मुंबई सेंट्रलला भुयारी मेट्रोच्या स्थानकाला त्यांचे नाव दिले आहे. मुंबई सेंट्रल टर्मिनसलाही ते द्यावे असा निर्णय राज्य शासनाने २०२४ मध्ये घेतला. योगायोग असा की ती पश्चिम रेल्वेची वास्तू आहे. ज्या रेल्वेसाठी त्यांनी आपली पत पणाला लावली, तिच्या एखाद्या स्थानकावर, शक्यतो बोरघाटाच्या पायथ्याशी, नानांचे, जमशेटजींचे आणि घाटात राबलेल्या मजुरांचे एकत्र स्मारक व्हावे, अशी सूचना या अमृतमहोत्सवी वर्षात करावीशी वाटते.

१० फेब्रुवारी २०२३ रोजी छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसवरून दोन वंदे भारत गाड्या सुटल्या, एक सोलापूरला, दुसरी साईनगर शिर्डीला. पहिली बोरघाट चढली, दुसरी थळघाट, आणि दोघींनाही मागे बँकर लावावा लागला नाही. १० फेब्रुवारी ही नानांची जन्मतारीख आहे.